चांदणी काही उठेना

चांदणी दुपारी तळ्यात जाऊन बसली ती बसलीच. उन्हं कलून बाभळीच्या बुंध्याला आली, बगळे उठून पलीकडच्या काठाला गेले, तरी पाण्यावर दोन शिंगं, दोन कान आणि एक नाकाड एवढीच म्हैस दिसत होती. गहिनीनाथआबांना तर तेवढीही नीट दिसत नव्हती. त्यांचा चष्मा सकाळपासून सापडत नव्हता.

"चांदणेऽऽ! ये गं माय!" आबांनी हाक दिली. हाक पलीकडच्या काठाला जाऊन परत आली. म्हैस आली नाही.

मागं तीन नातवंडं ओळीनं उभी होती. शिवकन्या मोठी, अभिमन्यू मधला आणि फ्रॉकचं टोक तोंडात धरलेली बबिता. दसरा झाला आणि त्यांचे आई-बाप टोळीच्या ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला गेले. तेव्हापासून तळ्याकाठचा आखाडा, म्हणजे त्यांचं शेतातलं पत्र्याचं घर, असा गप्प झाला होता, की पत्र्यावरून खार पळाली तरी सगळे दाराकडं बघायचे. मग आबांनीच जाहीर केलं, "औंदा कोजागिरी आपल्या आखाड्यावर! मसाल्याचं दूध! साऱ्या वस्तीला आवतन!" ट्रक गेल्यापासून लेकरं पहिल्यांदा हसली, ती तेव्हा.

आज कोजागिरी. सकाळी आज्जी, म्हणजे सत्यभामाबाई, साखर-विलायची आणायला वडवणीच्या बाजाराला निघाल्या. जाताना दारात थबकून म्हणाल्या, "आवं, दिस मावळायच्या आत म्हैस भाईर काढा. अंधारात ती धार देत न्हाई. का ऱ्हाऊ मी घरी?"

आबांना ते लागलं. "कावून? आगं, हाकेला आलं न्हाई ते जनावर कसलं, आन् हाक वाया गेली तो मालक कसला? तू जा बिनघोर!"

हे वाक्य आबा गेली कित्येक वर्षं गावच्या पारावर बसून सांगत आले होते. ते खरंही होतं, पण बैलांपुरतं. चांदणीचं वैरणपाणी, धारा, दुखणं-खुपणं सगळं सत्यभामाबाईंकडं. आबा तिला तळ्यातून बाहेर काढायला आजवर एकदाही गेले नव्हते, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

"आबा, पेंड दावा तिला," अभिमन्यूनं अक्कल लढवली.

घमेलंभर सरकीची पेंड भिजवून काठावर ठेवली. वारा आला आणि वास दरवळला. म्हशीचं नाकाड जरा हललं. एवढ्यात मागच्या झुडपातून पाच-सहा शेळ्या धावत आल्या आणि बघता बघता घमेलं चाटूनपुसून लख्ख झालं. शेळ्यांमागं त्यांचा धनी आला, खांद्यावर काठी आडवी टाकलेला बंकट. आबांचा लहानपणापासूनचा सोबती आणि पारावरचा पक्का श्रोता.

"काय बे गहिन्या! हाक म्हशीला दिली आन् आल्या माझ्या शेळ्या?"

"तू जा बे तुझ्या वाटंनं."

"आता कुठं जातो? रातच्याला दूध प्यायला यायचंच हाय. दूध येतं का न्हाई, ते तरी बघून जातो." आणि तो बाभळीखाली चांगला ऐसपैस बसला.

शिवकन्या हळूच पुढं आली. "आबा, चांदणी लुगडं वळखती. आज्जीला ताप आलता तवा आईनं आज्जीचंच लुगडं नेसून धार काढलती."

"मी? लुगडं?" आबांनी बंकटकडं पाहिलं. बंकट दुसरीकडं बघून काठीशी खेळत होता, पण त्याच्या मिशा हलत होत्या.

"न्हाई म्हंजे न्हाई!" आबा गरजले.

तेव्हा बबितानं तोंडातलं फ्रॉकचं टोक काढलं. "आबा, मंग आज दूध न्हाई?" तिचा खालचा ओठ थरथरायला लागला होता. ट्रक हलला होता, तेव्हा अगदी असाच थरथरला होता तो.

आबांनी डोक्यावरचा पटका उतरवला आणि अभिमन्यूच्या हातात दिला. "आण गं शिवकन्ये. हिरवं आण, दोरीवरचं."

हिरवं लुगडं धोतरावरूनच गुंडाळलं गेलं. डोक्यावर पदर आला आणि पदराखालून झुबकेदार पांढऱ्या मिशा. आबा कमरेएवढ्या पाण्यात उतरले. चांदणीनं मान वळवली, कान टवकारले आणि चक्क पुढचे पाय टेकून अर्धी उठली.

"आली! आली!" लेकरं ओरडली.

"चल गं चांदणे!" आबा खुशीनं गरजले.

तो आवाज ऐकताच चांदणीनं फुर्रकन पाणी उडवलं आणि पुन्हा बसली. लुगडं सत्यभामेचं आणि गळा गहिनीनाथाचा, ही लबाडी तिला अजिबात मानवली नाही.

"आज्जी असं वरडत न्हाई," शिवकन्या काठावरून म्हणाली. "आज्जी ओवी म्हणती."

"कुठली ओवी?"

शिवकन्या पायाच्या अंगठ्यानं चिखल उकरायला लागली. "त्यात तुमचं नाव हाय."

आबा पाण्यात उभे होते तसेच राहिले. लग्नात पंगतीला घेतलेल्या उखाण्यानंतर सत्यभामाबाईंच्या तोंडून त्यांनी आपलं नाव कधी ऐकलं नव्हतं. 'आवं', 'ऐकलं का', 'शिवकन्याचे आबा', यावरच जन्म गेला. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. मात्र म्हशीजवळ घेतलं तर कोण ऐकतंय?

"म्हण गं माय," ते एकदम हलक्या आवाजात म्हणाले.

शिवकन्यानं चाल धरली:

"तळ्याच्या पाण्यामंदी आभाळ गं वाकलं
गहिनीनाथाच्या पटक्याखाली सारं गाव झाकलं."

आबांची छाती लुगड्यातून फुगली. "ऐकलंस का बे बंकट? सारं गाव!" आणि त्यांनी पदर सावरत, पुऱ्या गळ्यानं ओवी म्हटली. एकदा म्हटली, दोनदा म्हटली. चांदणी उठली. ऐटीत वळली. आणि खोल पाण्याकडं चालू लागली.

"आबा, थांबा! ती पाण्यात सोडतानाची हाय! भाईर काढायची दुसरी हाय!"

"मंग आधी सांगायचं न्हाई?"

"तुमी सांगू कुठं दिलं!"

"दुसरी काय हाय?"

शिवकन्यानं अभिमन्यूकडं पाहिलं. अभिमन्यूनं पटक्यात तोंड लपवलं. उन्हं पार पाण्याला टेकली होती. शेवटी तिनं डोळे मिटून एका दमात म्हणून टाकली. आबांनी ऐकली. बंकटनंही ऐकली आणि तो बाभळीला धरून उठून उभा राहिला. अशी ओवी बसून ऐकायची नव्हती.

आबांनी एकदा चांदणीकडं पाहिलं, एकदा बबिताच्या ओठाकडं. मग डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि साऱ्या तळ्याला ऐकू जाईल असं गायले:

"गहिनीनाथाची गं बढाई गेली साती गावाला
सापडंना उशाखालचा चष्मा माझ्या रावाला!"

चांदणी थांबली. वळली. आणि पाणी कापत सरळ आबांकडं निघाली, लेकीनं माहेरच्या वाटेला लागावं तशी. आबा गात गात मागं सरकत होते, म्हैस मागोमाग येत होती, लेकरं टाळ्या पिटत होती. नेमकी तेव्हाच तळ्याच्या पाळूवर, बांधावरच्या वाटेला, जीप थांबली आणि तिच्यातून वस्तीच्या चार बायांसह सत्यभामाबाई उतरल्या.



"अगं बया, माझं नवं लुगडं!" सत्यभामाबाई म्हणाल्या. मग ओवी कुठली चाललीय ते ध्यानात आलं, आणि त्यांनी पदरानं तोंड झाकलं ते घर येईपर्यंत काढलं नाही.

दिवेलागणीला अंगण माणसांनी भरलं. चुलीवर पातेलं चढलं होतं, सत्यभामाबाई गोठ्यात धारेला बसल्या होत्या. बंकट याच घटकेची वाट बघत होता.

"काय बे गहिन्या, सांग की साऱ्यायला. म्हैस कुणाच्या हाकेला आली?"

अभिमन्यूनं पटका आणून आबांच्या हातात दिला. आबांनी तो नीट डोक्यावर बांधला, मिशांवरून हात फिरवला आणि उभे राहिले.

"हाकेला न्हाई आली," ते म्हणाले. "माझ्या नावाला आली! हाय का तुमच्यात कुणी, ज्याचं नाव त्याच्या म्हशीला ठाऊक हाय?"

असं खरंच कुणी नव्हतं. बंकटनं मुकाट शेळ्यांकडं बघितलं. हशा पिकला, विरला, आणि त्या विरण्यात गोठ्यातून धारेची चरचर ऐकू आली. तिच्या तालावर एक बारीक, लाजरा आवाज. ही ओवी शिवकन्यालाही ठाऊक नव्हती. आजच झाली होती ती.

"माझं लुगडं नेसून धनी तळ्यामंदी उभा
गहिनीनाथापुढं फिकी पुनवेची गं शोभा."

तळ्यापलीकडून चंद्र वर येत होता. आबांनी त्याच्याकडं पाहिलं. मग त्यांनी डोळे चोळले आणि घसा खाकरला.

"चंद्र असा धुरकट कावून दिसतो गा? माझा चष्मा कुठंय?"

"उशाखाली!" तिन्ही लेकरं एका सुरात ओरडली.