पिवळ्या छत्रीमागचे पाहुणे

घर रंगवायला काढलंय, अशी थाप धाकट्याने फोनवर मारली आणि तिथूनच सगळ्या घोळाला सुरुवात झाली. दादा आणि वहिनी पहिल्यांदाच शहरात येणार होते. धाकट्याने आजवर गावी कळवलेल्या घरात एक दिवाणखाना, एक गॅलरी आणि खिडकीतून दिसणारी नदी होती. प्रत्यक्षात खोली एकच, तीही चौथ्या मजल्यावर. धाकटा लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करायचा आणि स्वतः मात्र जिना चढून घरी यायचा.

"खरं सांगून टाका ना," बायको म्हणाली. "दादा काय खाणार आहेत तुम्हाला?"

"तुला नाही कळायचं. गावी आपल्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दादा आपली नदी ऐकवतो. त्याची मान खाली जाईल गं."

"मग तुम्हीच जा. रंगाऱ्यांवर लक्ष ठेवायला मी थांबते घरी," असं म्हणून ती धुणं भिजवायला गेली.

बेत सोपा होता. सकाळी बसस्टँडवरून पाहुण्यांना घ्यायचं, दिवसभर शहर दाखवायचं आणि रात्रीच्या बसमध्ये बसवून द्यायचं. ठिकाणं सगळी फुकटातली. मोठ्या शहरात फुकट बघण्यासारखं पुष्कळ असतं, फक्त तिथे राहणाऱ्याने त्यातलं काही पाहिलेलं नसतं. धाकटाही त्याला अपवाद नव्हता.

बसमधून उतरताच गर्दी बघून वहिनी बावरल्या. त्यांनी पिशवीतून पिवळीधमक छत्री काढली. "भावजी, ही उंच धरून पुढे चाला. नाहीतर आमची चुकामूक व्हायची."

आता या शहरात छत्री उंच धरून चालणारा माणूस म्हणजे पाहुण्यांना फुकट शहर फिरवणारा वाटाड्या, हे धाकट्याला कुठून ठाऊक असणार? संग्रहालयाच्या पायऱ्यांवर दहाबारा प्रवासी अशाच एखाद्या छत्रीची वाट बघत उभे होते. ते मुकाट्याने मागे आले. त्यांत एक टोपीवाल्या बाई होत्या.

"ही इमारत कुणी बांधली हो?" त्यांनी विचारलं.

धाकट्याला शहरातल्या इमारतींची एकच बाजू माहीत होती. "बांधली कुणी ते नाही सांगता येणार. पण लिफ्ट फार कुरकुरते. मागे एक मंत्री अडकले होते तिच्यात. मीच काढलं बाहेर. बाहेर आले तरी माझा हात सोडेनात."

सगळे खळखळून हसले. हसणं ऐकून आणखी माणसं आली. घड्याळाच्या मनोऱ्यापाशी धाकट्याने तिथल्या लिफ्टच्या वजनाच्या साखळीची कथा सांगितली, बागेशेजारच्या बँकेपाशी दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या लिफ्टमध्ये झालेल्या एका भांडणाची. घोळका वाढतच गेला.

"बघ," दादा वहिनींच्या कानात म्हणाला, "केवढं ओळखतात याला इथे!"

धाकट्याने ते ऐकलं. त्याने वळून हात जोडले. "अहो, मी तुमचा वाटाड्या नाही. हे माझे भाऊ, या वहिनी. आम्ही आपले असेच फिरतोय."

"किती गमतीदार बोलतात ना!" टोपीवाल्या बाई म्हणाल्या.

मग त्याने छत्री मिटून बघितली. तेवढ्यात वहिनीच दिसेनाशा झाल्या. भलत्याच घोळक्यात शिरून त्या कारंजं बघत होत्या. हाका मारमारून त्यांना परत आणलं आणि छत्री मुकाट्याने पुन्हा वर गेली.

शेवटी धाकट्याने गल्लीबोळांतून गुंगारा द्यायचं ठरवलं. तो झपाझप चालत सुटला. डावीकडे, मग उजवीकडे, इस्त्रीवाल्याच्या टपरीमागून, दोन भिंतींच्या फटीतून. पण घाईत पाय आपल्या ओळखीच्या वाटेनेच जातात, आणि या अवाढव्य शहरात त्याच्या पायांना पाठ असलेली वाट एकच होती. वरून बायकोचा आवाज आला तेव्हा तो भानावर आला.

"अहो, आलात? दादांना वर घेऊन या! पण... एवढे सगळे?"

दादा जिना चढू लागला होता. त्याच्यामागे वहिनी, टोपीवाल्या बाई आणि उरलेला घोळका. धाकटा सर्वांत शेवटी चढला. इतका लांब त्याला तो जिना कधी वाटला नव्हता.

जिन्यावर दाटलेल्या घोळक्यातून वाट काढत तो दारापाशी पोहोचला. दार उघडं होतं. खोलीभर दोरीवर कपडे वाळत होते. भिंतीचे पोपडे निघालेले, रंगाचा डबा औषधालाही नव्हता. एका कोपऱ्यात मात्र शेजाऱ्यांकडून आणलेल्या दोन गाद्या धुतलेल्या चादरी घालून तयार होत्या.  धाकट्याने बायकोला गाद्यांचं काही सांगितलं नव्हतं.

"हे खरं शहर!" टोपीवाल्या बाई हळूच म्हणाल्या. "इथे कोण राहायचं?"

 दादाने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा भिंतीकडे. मग कपडे बाजूला सारत तो खिडकीशी गेला, कमरेपर्यंत बाहेर वाकला आणि मान पार वाकडी करून बघत राहिला. दोन इमारतींच्या मधे चादरीच्या काठाएवढं पाणी चमकत होतं.

"दिसते की रे नदी," तो म्हणाला.

त्याने धाकट्याच्या हातातून छत्री घेतली, दारात येऊन उंच धरली आणि दुकानातल्या आवाजात म्हणाला, "या, एकेक जण आत या. पैसे लागत नाहीत. इथे माझा धाकटा भाऊ राहतो."

लोक आले, खिडकीतून मान वाकडी करून नदी बघून गेले. टोपीवाल्या बाईंनी तर धाकट्याच्या बायकोशी हस्तांदोलन केलं. जिन्यावरचे आवाज विरले तेव्हा दादाने चपला काढल्या आणि तो गादीवर ऐसपैस बसला. धाकटा अजून दारातच खाली मान घालून उभा होता.

"दादा, बसची वेळ..."

"बस राहू दे. आम्ही आज इथेच झोपणार." दादाने पोपडे निघालेल्या भिंतीवरून हात फिरवला. "रंग झकास लागलाय. वास तेवढा येतोय. खिडकी उघडी ठेव, म्हणजे झालं."