दळवीकाकांचा पासवर्ड

रोज सकाळी आमच्या शेजारच्या गॅलरीतून हाक येते, "पिंग." मी दात घासत असलो तरी "रिप्लाय" म्हणावं लागतं. नाही म्हटलं, तर दळवीकाका दार वाजवून मी जिवंत आहे का ते बघून जातात.

काकांनी आयुष्यभर ऑफिसांमधून नेटवर्क जोडलं. रिटायर होऊन शांती नगरला आले, तरी डोक्यातली वायर काही निघाली नाही. "पिंग म्हणजे नुसती हाक रे. पलीकडचं आहे का, एवढंच बघायचं." राऊटर म्हणजे आपला वॉचमन. कुणाचं पार्सल कुठल्या फ्लॅटला, ते त्याला ठाऊक. आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे फ्लॅट नंबर. हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

पासवर्डाच्या बाबतीत काका भलतेच कडक. माझ्या पासवर्डात मुलीचं नाव आहे कळल्यावर दोन दिवस बोलले नाहीत. आणि स्वतःचा? काकूंचं नाव, पुढे एक-दोन-तीन. अख्ख्या बिल्डिंगला पाठ. काकू तो विरजणासारखा वाटायच्या, मागेल त्याला. गेल्या वर्षी काकू गेल्या, पण खालचा इडलीवाला अजून सायकल टेकवून काकांच्या वायफायवर सिनेमे बघतो. समोरच्या जिग्नाबेन तर दर आठवड्याला म्हणतात, "अंकल, पासवर्ड बदलो ना. पूरा सेक्टर आपके नेट पे है."

काका हसून म्हणतात, "चालतंय तसं चालू दे."

परवा रविवारी मात्र त्यांचं नेट पार गोगलगाय झालं. मी म्हटलं, "काका, सरका. दोन मिनिटांत बदलून देतो." मी लॅपटॉप ओढला, तर त्यांनी की-बोर्डवर चक्क तळहात ठेवला.

"नको रे. हिचा फोन सुटेल."

फ्रिजवर काकूंचा फोन चार्जिंगला लावलेला होता.

"लॉकचा नंबर हिलाच ठाऊक. मी कधी विचारला नाही, तिने सांगितला नाही. पासवर्ड बदलला, तर नवा ह्याच्यात घालू कसा? आता आपोआप जोडलेला राहतो बघ."

मग त्यांनी लॅपटॉपवर 'पिंग' टाइप केलं. स्क्रीनवर एकाखाली एक ओळी उमटू लागल्या. काकूंचा फोन उत्तर देत होता.

"रोज चहाच्या आधी करतो," काका म्हणाले. "आहे, एवढं कळलं की बरं वाटतं."

मी पासवर्डाचं नाव पुन्हा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी जरा लवकर उठलो, गॅलरीत गेलो आणि शेजारी तोंड करून म्हणालो, "पिंग."

पलीकडे कपबशीचा आवाज थांबला. एवढ्या वर्षांत त्यांना कधी कुणी अशी हाक मारली नव्हती.

"रिप्लाय," काका म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "परत कर रे एकदा."