मंजूर झालेलं अपील

आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा केला, पण अण्णांचं अपील मंजूर करवून आणणं हा त्यातला सगळ्यात हुशारीनं केलेला.

अण्णा आमचे सांगलीतले शेजारी. एकटेच राहत. जन्मभर कोर्टात कारकुनी केली आणि निवृत्त झाल्यावर स्वतःच अपिलं करत सुटले. कॅरमची राणी गेली नाही असं चौघांनी सांगितलं तरी म्हणत, “निकाल मान्य, पण अपील राखून ठेवतो.”

नव्वदचं दशक संपत आलं होतं. गावात नुकती इंटरनेटची दुकानं निघाली होती. मी कॉम्प्युटरचा क्लास करून प्रमाणपत्राला फ्रेम करून घेतली होती. यावरून माझी तेव्हाची अक्कल ओळखा. मीच अण्णांना तशा एका दुकानात नेऊन परदेशातल्या मराठी मंडळींच्या इंटरनेटवरच्या गप्पांत बसवलं. तिथं पाककृतींचं पान जोरात चाले. अण्णा एका बोटानं, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत. थालीपिठाच्या चर्चेत त्यांनी लिहिलं, ‘कृष्णेचं पाणी पुलाशी वाढलं आहे. काळजी नसावी.’

ते पान सांभाळणारा गृहस्थ मूळचा वडूजचा, राहायला अमेरिकेत. त्यानं मजकूर काढून टाकला. अण्णांनी रीतसर अपील केलं: ‘सांगलीचा माणूस कुठंही असो, पावसाळ्यात पाणी कुठवर आलं हे कळल्याशिवाय त्याला घास जात नाही. सबब मजकूर पाककृतीतच ठेवावा.’

उत्तर आलं: ‘आवं अण्णा, हितं बाया थालीपीठ का फाटतंय ते इचारत्यात. पाणी पुलाखालीच ऱ्हाऊ द्या. अपील फेटाळलं.’

“दुष्काळी वडूजच्या माणसाला पुराचं काय कळणार?” असं म्हणून अण्णा पुढचं अपील लिहायला बसले.

पावसाळाभर हेच. निकाल ते मला मोठ्यानं वाचून दाखवत, त्याखालची ओळ मनात वाचत, आणि घरी येताना शीळ घालत. मी समजत होते, म्हातारा बिचारा हरतोय.

म्हणून मी त्या वडूजकराला गुपचूप लिहिलं, वयस्कर माणूस आहे, एकदा हो म्हणा. तो भला. त्यानं नदीच्या बातम्यांना वेगळं पानच काढून दिलं आणि अण्णांना कळवलं: ‘अपील मंजूर.’ मी पेढे वाटले.

त्यानंतर अण्णा पाणी लिहीत राहिले. कुणी काढलं नाही, कुणी हटकलं नाही. ते पडद्याकडे बघून मुकाट घरी येऊ लागले. शीळ बंद. शेवटी मी त्यांना जेवायला बोलावलं आणि पान वाढता वाढता माझा उद्योग सांगून टाकला. रागावतील असं वाटलं होतं. ते भात कालवत म्हणाले,

“वहिनी, निकाल चांगलाच लागला. पण फेटाळताना तो खाली ‘अण्णा, जेवलासा का’ असं विचारायचा. मंजूर झाल्यावर कोण विचारतंय? बरं, आमटी वाढा थोडी.”