साडेनऊ ते पाचचा डेटाचोर

"लिहा," साडूभाऊ म्हणाले. "ज्याच्या नजरेतून आजवर एकही गुन्हेगार सुटलेला नाही, असा तल्लख, निर्भय आणि दिसायलाही बरा असलेला अन्वेषक..."

"दिसायलाही बरा, हे लिहू?" कवळीवाल्यानं विचारलं.

"मी मन आवरतोय. 'देखणा' म्हणणार होतो."

साडूभाऊंनी तेहेतीस वर्षं दारोदार हिंडून विजेचे मीटर वाचले होते. निवृत्त झाल्यावर वाचायला मीटर उरले नाहीत, तेव्हा त्यांनी माणसं वाचायला घेतली. 'मीटर खोटं बोलत नाही, माणसं बोलतात' असं त्यांनी कार्डावर छापूनच घेतलं होतं. आजवरच्या केसेस तीन. जिन्यातला चोरीला गेलेला बल्ब, शेजाऱ्याची हरवलेली चप्पल आणि पुन्हा तीच चप्पल. बल्ब अजून मिळायचाय. चप्पल दोन्ही वेळा साडूभाऊंच्याच पायात मिळाली.

कवळीवाला त्यांचा सहायक. त्याचा गुन्हा एवढाच, की दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी होत्या. तो दातांच्या डॉक्टरांनी पाठवलेल्या मापांवरून कवळ्या बनवायचा. आत्ताही त्याच्या कामाच्या टेबलावर प्लास्टरचे चौदा जबडे ओळीनं मांडलेले होते. चालू मात्र एकच होता, साडूभाऊंचा.

एरवी कवळीवाल्यानं हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण त्याची बायको चार दिवसांपासून माहेरी होती. तेही आपली उशी घेऊन. साडी-पिशवी घेऊन गेलेली बाई संध्याकाळी परत येते. उशी घेऊन गेलेलीचं काही खरं नसतं. कवळीवाल्याचं कशातच लक्ष नव्हतं. कालच त्यानं एका आजोबांच्या कवळीत पुढच्या दातांच्या जागी दाढा बसवल्या होत्या.

झालं होतं असं. मागच्या महिन्यात दोन्ही जोडपी आणि सासूबाई परदेशी समुद्रकाठी आठ रात्री राहून आली. सासरे विमानात बसत नाहीत, ते घरीच राहिले. सासूबाई निघाल्या त्याच घोषणा करून. "बावन्न वर्षं ह्यांच्या घोरण्यानं डोळ्याला डोळा लागलेला नाही. तिथं मी मेल्यासारखी झोपणार आहे, मला कोणी उठवू नका!"

परदेशात चालणारा फोन एकट्या कवळीवाल्याचा होता. भाड्याच्या फ्लॅटमध्ये बाहेरच्या खोलीत, सोफ्याशेजारी तो चार्जिंगला लावलेला असायचा. ज्याला लागेल तो घ्यायचा. सगळे सुखरूप परत आले आणि मग बिल आलं. तेवढ्या पैशात सगळ्यांना पुन्हा एकदा जाऊन येता आलं असतं, आणि या खेपेला सासऱ्यांना बोटीनं नेता आलं असतं. बिलात वेळाही छापल्या होत्या. आठपैकी सात रात्री, साडेनऊ ते पहाटे पाच, फोन अखंड इंटरनेट ओढत होता.

गेल्या रविवारी कवळीवाल्याच्या घरी साडूभाऊंनी केस हातात घेतली. दोघी बहिणी, साडूभाऊंची थोरली आणि कवळीवाल्याची धाकटी, चहा घेऊन समोरच बसल्या होत्या.

"बिलातली वेळ इथली," साडूभाऊ म्हणाले. "तिथलं घड्याळ दीड तास पुढे. साडेनवातून दीड गेला, आठ. आठ वाजता आपण कुठे असायचो? हॉटेलात जेवत! म्हणजे चोर तो वेटर. मला तो पहिल्या दिवसापासून खटकत होता. माणूस विनाकारण हसायचा."

"घड्याळ पुढे असेल तर दीड मिळवायचा ना?" कवळीवाला म्हणाला.

साडूभाऊंनी बोटं मोडली, पुन्हा मोजली. "मग अकरा. सुटला बिचारा. पण अकरा वाजता फ्लॅटला आतून कडी असायची. म्हणजे चोर घरातला! फोनमधले कॉल मी तपासलेत. तिथून सात फोन झालेत, सगळे सासऱ्यांना. खुशालीचे. निरुपयोगी. आता नीट ऐका. फोनशेजारी सोफ्यावर आई झोपायच्या. पहिल्या रात्री त्या टक्क जाग्या होत्या. त्या रात्री चोरी नाही. दुसऱ्या रात्रीपासून त्या गाढ झोपल्या आणि चोरी सुरू! बावन्न वर्षं न झोपलेली बाई एकाएकी गाढ झोपते? गुंगीचं औषध!"

"अहो, पण दिलं कोणी आणि कशातून?" थोरलीनं विचारलं.

"आईंच्या तोंडात रोज कोणाच्या हातची वस्तू जाते? कवळी! आणि ती बनवली कोणी?"

सगळे कवळीवाल्याकडे बघायला लागले. त्याची दातखीळच बसली.

"मी फक्त एक शक्यता मांडली," म्हणत साडूभाऊंनी बिस्किट चहात बुडवलं.

सासूबाईंच्या गुंगीवर धाकटीचा विश्वास बसला नाही. पण बाकीच्यावर बसला. "रात्ररात्र कोणाशी बोलत होतात?"

"अगं, कोणाशीच नाही!"

"सात रात्री, साडेसात-साडेसात तास, कोणाशीच नाही?" एवढं बोलून ती आत गेली, ती उशी घेऊनच बाहेर आली.

म्हणून आज कवळीवाल्यानं पेन खाली ठेवलं. "साडूभाऊ, बास झालं. उठा. आपण सासुरवाडीला जाऊ, आणि तुम्ही तिच्यासमोर तुमचे शब्द मागे घ्या."

"अवश्य. त्या निमित्तानं साक्षीही होतील. ही केस सुटली नाही तर तुमचा संसार मोडेल हो."

"तुम्ही सोडवायला घेतलीत म्हणूनच मोडतोय!"

सासुरवाडी दोन गल्ल्या पलीकडे होती. सासूबाई मटार सोलत होत्या, सासरे पेपरात डोकं खुपसून बसले होते. धाकटी खिडकीशी होती. तिचे डोळे सुजले होते. रडून सुजलेत की जागून, हे विचारायची कवळीवाल्याची हिंमत झाली नाही.

साडूभाऊंनी वही उघडली. "आई, तिथं तुम्हाला कोणी काही हुंगायला दिलं होतं?"

"समुद्राचा वारा," सासूबाई म्हणाल्या. "मटार उचलू नका, मोजून घेतलेत."

"हं. साक्षीदार काहीतरी लपवतोय. बाबा, आता तुम्ही. तुम्हाला सात फोन आले. काय बोलणं व्हायचं?"

"बोलणं कसलं डोंबलाचं!" सासऱ्यांनी पेपर खाली घेतला. "जेवलात का, गोळी घेतलीत का, आणि आता फोन उशाशी ठेवून झोपा."

"अहो, तुम्ही गप्प बसा बरं," सासूबाई घाईनं म्हणाल्या.

"का गप्प बसू? बंद करू नका म्हणायचीस. चार्जरला लावून ठेवा म्हणायचीस. मी पाचला उठलो की बंद करायचो."

साडूभाऊंनी वहीत लिहिलं: 'सासरे. साक्ष निरुपयोगी.' मग त्यांनी नवी शंका काढली. "बाबा, या काळात घरात कोणी वीजवाला आला होता?"

धाकटी मात्र ताडकन उठली. तिनं कवळीवाल्याच्या हातातून फोन ओढून घेतला आणि त्या सात फोनांवर एकेक करून बोट ठेवलं. प्रत्येकाखाली बारीक अक्षरात वेळ लिहिलेली होती. सात तास बावीस मिनिटं. सात तास एकतीस मिनिटं. साडूभाऊंनी फोन मोजले होते, त्यांच्याखालचं वाचलं नव्हतं. तेहेतीस वर्षं आकडे वाचलेल्या माणसानं!

"आई," धाकटी हळूच म्हणाली, "तू रात्रभर बाबांचं घोरणं ऐकत होतीस?"

सासूबाईंनी मटाराची एक शेंग तीनदा सोलली. "मग काय करू? पहिल्या रात्री झोपच येईना मेली. इतकं शांत! इथं घोरणं जरा थांबलं तरी माझ्या पोटात गोळा येतो, आणि तिथं तर काहीच ऐकू येईना. सारखं वाटायचं, एकटे आहेत, बरे आहेत ना? तो आवाज कानाशी आला आणि डोळा लागला. त्यात मी काय चोरी केली? थोरले जावईच म्हणाले होते, नेटवरून फोन फुकट असतो."

"वायफाय असलं तर!" कवळीवाला ओरडला. "आणि माझ्या फोनमधलं वायफाय पहिल्याच दिवशी कोणी बंद केलं? परक्या घरचं वायफाय म्हणजे उघडी खिडकी, असं कोण म्हणालं?"

साडूभाऊंनी क्षणभर छताकडे पाहिलं. "म्हणजे माझ्याशिवाय ही केस घडलीच नसती," ते समाधानानं म्हणाले. "हे लिहा."

"अर्धं बिल तुम्ही भरायचं, हेही लिहा," सासरे म्हणाले. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. ते बायकोकडे वळले. "बावन्न वर्षं फुकट ऐकवलं, तेव्हा शिव्या घातल्यास! आणि पैसे मोजून सात रात्री? अगं, आधी सांगितलं असतंस तर जरा सुरात घोरलो असतो!"

"उद्यापासून बाहेर झोपा," सासूबाई म्हणाल्या. पण त्या हसत होत्या, आणि कोणालाच ते खरं वाटलं नाही.

धाकटी आत गेली आणि उशी घेऊन बाहेर आली. कवळीवाल्यानं ती तिच्या हातातून घेतली. दोघं रस्त्याला लागली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "भलतंच बोलले."

"जाऊ दे. डोळे का गं सुजलेत? बाबांच्या घोरण्यानं झोप झाली नाही ना?"

"बाबांच्या घोरण्यात मी लहानाची मोठी झाले," ती म्हणाली. "तुम्ही झोपेत दात खाता. करकर, करकर. चार रात्री ते नव्हतं."

कवळीवाला रस्त्यातच थबकला. झोपेत दात खाणाऱ्यांसाठी तो महिन्याला दातांवर चढवायची दहा-बारा कवचं बनवायचा. डॉक्टर त्याच्याच हातची मागायचे.

"मी? अठरा वर्षं? मग बोलली का नाहीस कधी?"

"बोलले असते, तर दुसऱ्याच दिवशी काहीतरी बनवून तोंडात बसवलं असतंत," ती म्हणाली. "चला आता. मला झोप आलीय."