नळीभर वृत्ती

पोर्ट कॅरॅडन जिल्हा नेटबॉल संघटनेच्या निवड समितीपुढे यंदा एकच विषय होता: बारा वर्षांखालच्या पथकात मुली घेताना खेळ किती पाहायचा आणि वृत्ती किती. विषय गंभीर असल्यामुळे आधी कँटीनमधून गरम पेस्ट्या, म्हणजे खिमा-बटाटा भरलेल्या मोठाल्या करंज्या, मागवण्यात आल्या. त्या संपल्यावर समितीने एकमताने ठरवलं, की दोन्ही निम्मं-निम्मं पाहावं. इथवर कोणाचीच तक्रार नव्हती. मेरिन हॉकिंगची तर मुळीच नव्हती, कारण खेळाच्या निम्म्यात तिच्या ब्रायडीच्या जवळपास फिरकणारंही कोणी नव्हतं.

ब्रायडी रिंगखाली उभी राहून बॉल असा वर सोडायची, की तो आत पडल्याचं जाळीलाही उशिरा कळावं. मात्र हे करताना तिचा चेहरा दाढ दुखत असल्यासारखा असे. बॉल आत पडला तरी तोच चेहरा, बाहेर पडला तरी तोच. मेरिन ॲडलेडला राहून शिकलेली आणि गावातल्या औषधाच्या दुकानात कामाला होती. माणूस काउंटरपाशी पोचायच्या आत त्याला काय होतंय ते ओळखायची तिला सवय झाली होती. म्हणून इतर आयांच्या बऱ्याच आधी तिला पुढचं दिसलं. उरलेल्या निम्म्यात आपली लेक बसणार कशी?

आता वृत्ती मोजायची कशी, हा पुढचा प्रश्न. तो अध्यक्षांनी सोडवला. अध्यक्ष ग्रॅहम ट्रेलोअर यांचं आयुष्य गावाबाहेरच्या सायलोवर, म्हणजे धान्याच्या उंच कोठारावर, गेलं होतं. कापणीच्या दिवसांत गव्हाने भरलेला ट्रक दाराशी आला, की त्यात लांब नळी खुपसायची, ओंजळभर दाणे ओढून घ्यायचे, ओलावा बघायचा, तणाचं बी बघायचं आणि अख्ख्या ट्रकला दर्जा देऊन टाकायचा. जिल्ह्याचा सगळा गहू त्यांच्या नळीखालून गेला होता. त्या गव्हाचा पाव कसा झाला हे विचारायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

"पोर काय आणि ट्रक काय," ते समितीत म्हणाले, "आख्खं उपसत बसायचं नसतं. नळी कुठे खुपसायची तेवढं कळलं पाहिजे."

पहिली नळी सामना हरल्यावर खुपसण्यात आली. ज्या मुलींच्या डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या नावापुढे 'ओलावा जास्त' असा शेरा पडला. त्या नेमक्या जिंकण्यासाठी जीव तोडून खेळणाऱ्या मुली होत्या, ही बाब प्रशिक्षक व्हॅल पेनरोझ यांनी समितीच्या निदर्शनास आणली. व्हॅलमावशींच्या हाताखालून गावातल्या दोन पिढ्या खेळून गेल्या होत्या. त्यामुळे त्यांचं ऐकून घेण्यात आलं आणि नोंद न करता सोडून देण्यात आलं. हरल्यावर खिदळणाऱ्या मुलींचा माल कोरडा ठरला. ब्रायडी रडली नाही आणि हसलीही नाही. तिचा निकाल राखून ठेवण्यात आला.

दुसरी नळी सरावानंतर. मैदानावर मांडलेले प्लॅस्टिकचे नारिंगी कोन न सांगता कोण गोळा करतं, ते ग्रॅहम गाडीत बसून पाहणार होते. ही गोष्ट गुप्त होती, म्हणजे दुपारपर्यंत ती बेकरीत, शाळेच्या फाटकावर आणि मेरिनच्या काउंटरवर येऊन पोचली. पुढच्या सरावाला मुलींची अशी काही झुंबड उडाली, की एका कोनाला चार-चार हात. त्याच्या पुढच्या वेळी तर व्हॅलमावशी कोन मांडतायत तोवर मागच्या मागे मुली ते उचलून परत आणून देऊ लागल्या.

"अहो, मी सराव घेऊ कधी?" व्हॅलमावशी म्हणाल्या. "मांडायला वाकले की पोरी आवरायला धावतात."

"हीच ती वृत्ती," ग्रॅहम समाधानाने म्हणाले.

एअर्ली रो नावाच्या मुलीने दोन कोन जॅकेटात दडवून ठेवले होते. सगळे संपल्यावर तेच टाकून तिने तेच उचलले. तिला पैकीच्या पैकी. तिची आई टॅमसिन हिने घरच्या सरावासाठी कोनांचा वेगळा संच आणलाय, हे मेरिनला कळलं. मेरिन त्यावर मनसोक्त हसली आणि शनिवारी शेजारच्या गावी जाऊन, कोणी ओळखीचं नाही असं बघून, एक संच घेऊन आली.

घरी स्वयंपाकघरात शिकवणी सुरू झाली.

"अंपायरला काय म्हणायचं?"

"थँक यू."

"हसून."

"तिने चुकीचा निर्णय दिला असेल तर?"

"तर जास्त हसून."

ब्रायडीने हसून दाखवलं. तिचा बाप डेल फ्रिजशी उभा होता. तो म्हणाला, की गेल्या वर्षी कुंपणाच्या तारेत अडकलेली शेळी आपल्याकडे अशीच बघत होती. मेरिनने त्याला अंगण झाडायला पाठवलं.

खरं तर तिला कळत होतं. पूर्वी ब्रायडी अंगणात बॉल घेऊन एकटीच तासन् तास असायची. हाक मारली तरी ऐकू जात नसे. आता बॉल सोडायच्या आधी ती मान वळवून आईकडे बघायची. आणि मान वळवली की बॉल चुकायचा. मेरिनला हे दिसायचं आणि तरी तोंडून निघायचं, "चुकला तरी हास."

दरम्यान समितीचं तत्त्वचिंतन पुढे गेलं होतं. उंची बापाची, हात आजीचे. मग चांगल्या खेळात पोरीचं स्वतःचं काय, असा सवाल ग्रॅहमनी केला. फुकट मिळालेल्या गोष्टीला गुण द्यायचे म्हणजे बाकीच्यांवर अन्याय. सबब खेळाचं वजन कमी करत करत शून्यावर आणण्यात आलं. मात्र कोणी असं समजू नये, की खेळ संघटनेला खेळाचं वावडं आहे, म्हणून तो कामकाजाच्या उद्दिष्टांत ठेवण्यात आला.

तेवढ्यावर थांबणं तर्काला धरून झालं नसतं. वृत्ती घरातून येते, तेव्हा नळी घरातही खुपसायला हवी. आयांच्या कँटीनच्या पाळ्यांवर नजर ठेवण्यात आली. सॉसेज भाजायचा लोखंडी तवा कोण घासतं, यावरून टॅमसिन आणि मेरिन यांच्यात अत्यंत हसतमुख झटापट झाली. "तू राहू दे गं, मी घासते," "छे गं, तू दमली असशील," असं म्हणत दोघींनी तव्याची दोन टोकं सोडली नाहीत. वर्षानुवर्षांचं तेल मुरलेला तो तवा आरशासारखा लख्ख झाला आणि त्या शनिवारी गावातलं एकही सॉसेज त्यावरून आख्खं निघालं नाही. वृत्ती मात्र उत्तम दिसली.

अंतिम निवडीच्या दिवशी बॉल आणू नये, असा ठराव झाला. बॉल आला की सगळ्यांचं लक्ष खेळाकडे जातं, हा आजवरचा अनुभव होता.

खाडीवरून वारा सुटला होता. मुली रिकाम्या हातांनी पळत होत्या, नसलेला बॉल एकमेकींना देत होत्या आणि मिळाल्याबद्दल आभार मानत होत्या. एअर्लीच्या हातून नसलेला बॉल सुटला. तिने सगळ्यांची माफी मागितली आणि तो उचलून दिला. समितीतल्या एका सदस्याने डोळे पुसले. सदस्यांच्या ओलाव्याला मर्यादा नव्हती. ब्रायडीही शिकवल्याप्रमाणे दात दाखवून पळत होती. मेरिन कुंपणाला धरून उभी होती. आणखी थोडा वेळ असंच चाललं असतं तर काम झालं होतं.

शेजारच्या कोर्टावर व्हॅलमावशींच्या हाताखालच्या मोठ्या बायकांच्या संघाचा सराव चालू होता. त्यांच्याकडे बॉल होता. कोणीतरी तो जोरात फेकला, वाऱ्याने तो उचलला आणि थेट ग्रॅहम यांच्या डोक्याच्या दिशेने आणला. ग्रॅहम चहाचा कप सांभाळत बसले होते. ब्रायडीने आडवी झेप घेतली, एका हाताने बॉल हवेतच टिपला, पाय टेकताच गिरकी घेतली आणि कोणाकडेही न बघता वर सोडून दिला.

बॉल रिंगमधून सरळ खाली आला. ब्रायडी हसली. कोणी सांगितलं नव्हतं. ते तिचं तिलाच आलं होतं. गेल्या कित्येक आठवड्यांत मेरिनने तो चेहरा पाहिलाच नव्हता.

सायलोवर तण चालतं, ओलावा भाव कमी करून घेता येतो. पण दाण्यांत एक जिवंत किडा जरी वळवळला तरी अख्खा ट्रक माघारी जातो. ग्रॅहम यांनी खाली वाकून पाहावं तसं ब्रायडीकडे पाहिलं.

"गुणवत्ता आहे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "इतके दिवस लपवली होती यांनी."

निकाल लागला. एअर्ली पहिली आली आणि आनंदाने किंचाळली, म्हणून तिथल्या तिथे बाद झाली. यशाने हुरळणं ही वृत्ती नव्हे. टॅमसिनने "कसला हा तमाशा" असं म्हटल्यावर नमुना मुळातच खराब होता हे सिद्ध झालं. मग ग्रॅहमनी जाहीर केलं, की नकार पचवणं हीच खरी परीक्षा असून ज्या मुली तो हसत घेतील त्यांचा फेरविचार होईल.

ते ब्रायडीपुढे येऊन थांबले. माणूस वाईट नव्हता, त्यांनी गुडघ्यावर हात टेकून प्रेमाने विचारलं, "काय गं बाळ, तुला नाही घेतलं. वाईट नाही ना वाटलं?"

त्यांच्या पाठीमागे मेरिन उभी होती. तिने दोन बोटांनी स्वतःच्या ओठांची टोकं वर खेचून दाखवली. एवढंच कर, बाई माझी. एकदाच.

ब्रायडीने आईकडे पाहिलं. मग ग्रॅहमकडे.

"वाटलं," ती म्हणाली. "मी चांगली खेळते."

झालं. एवढं स्पष्ट बोलणाऱ्या मुलीसाठी कुठल्याच पथकात जागा नसते. मेरिनची बोटं ओठांवरून खाली आली. कोणाला तरी दोन शब्द सुनवावेत असं तिला वाटत होतं, पण इतक्या दिवसांच्या सरावाने तोंडून "थँक यू" एवढंच निघालं, आणि तेही हसून.

गाडीपाशी व्हॅलमावशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या सर्वांत खालच्या गटातल्या बायकांना बॉल रिंगमध्ये टाकणारी कोणी उरली नव्हती. होती ती गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला गेली होती. पोरीला पाठवशील का, असं त्यांनी विचारलं.

"एक आधीच सांगते हं मेरिन," त्या म्हणाल्या. "आमच्यात वृत्ती कुणाचीच धड नाही."

जिल्ह्याचं पथक ॲडलेडच्या स्पर्धेत गेलं आणि सगळे सामने हरून आलं. समोरच्या संघाने गोल केला की आपल्या मुली टाळ्या वाजवत होत्या. एकीने तर हातातला बॉल प्रतिस्पर्धी मुलीला देऊन टाकला, कारण तिला तो जास्त हवा होता असं दिसलं. एकही मुलगी रडली नाही. खिलाडूवृत्तीची ढाल मिळाली, वर्तमानपत्रात फोटो आला आणि गावाचा ऊर भरून आला. ब्रायडी त्याच शनिवारी व्हॅलमावशींच्या बायकांत खेळली. त्या अंपायरशी भांडल्या, एकमेकींवर खेकसल्या, ब्रायडीवरही खेकसल्या आणि एका गोलने जिंकल्या. मध्यंतरात ब्रायडी तोंडात संत्र्याची फोड धरून, रस हनुवटीवरून गळत असताना, चाळिशीच्या बायकांबरोबर खो-खो हसत होती. आईकडे तिने एकदाही वळून पाहिलं नाही. मेरिनला इतकं बरं वाटलं, की तिने रागावायचं ठरवूनही तिला जमेना.

पुढच्या हंगामात समितीत एक जागा रिकामी झाली. नकार मिळाल्यावर आभार मानणारी जिल्ह्यातली एकमेव आई म्हणून मेरिनची बिनविरोध निवड झाली. तिने पद घेतलं ते सगळं बदलायच्या निर्धारानेच. पहिल्याच बैठकीत तिने बॉल परत आणायला लावला. कोन, अश्रू, तवा, सगळं रद्द. ग्रॅहम कुरकुरले, पण मानले.

निवडीच्या सकाळी लांबच्या एका शेतावरून एक मुलगी आली. तिच्या बाजूला बॉल गेला की तो तिचाच झाला. मेरिन खुर्चीच्या कडेवर येऊन बसली. असं तिने एकाच मुलीला खेळताना पाहिलं होतं. खेळ संपला. मुलीने पाण्याची बाटली तोंडाला लावली, मेरिनने "छान खेळलीस हो" म्हटलं त्यावर नुसती मान हलवली आणि पाठ फिरवून चालू लागली.

ग्रॅहमनी पेन उघडलं. "बोला मेरिनबाई. तुमच्यावर सोडलं."

मेरिनने वर्षभर मनात घोळवलेलं भाषण तयार होतं. तिने त्या पाठमोऱ्या मुलीकडे पाहिलं.

"पोरगी हुशार आहे हो," ती म्हणाली. "पण..."

पुढचं वाक्य इथे छापलेलं नाही. ते तुम्हाला पाठ आहे; मागच्याच आठवड्यात, दुसऱ्या कोणाच्या तरी मुलाबद्दल, तुम्ही ते म्हणालात.