दमयंतीबाईंची परीक्षा

धैर्यवान आडनावाच्या दमयंतीबाई समोरच्याच्या डोळ्यांत कधी पाहत नसत, तोंडात पाहत. गिरगावात आमच्या शेजारच्या खोलीत त्या एकट्या राहत. पंचेचाळिशीला आल्यावर शाळेतली नोकरी सोडून परळच्या एका इस्पितळात, वाचा गेलेल्यांना बोलतं करायचं शिक्षण घेत होत्या. वर्ग इतका नवा की शेवटी पदवी मिळणार की नुसता चहा, हे इस्पितळालाही ठाऊक नव्हतं.

मी कचेरीतून अर्धमेला होऊन येई. बाई गॅलरीतच गाठत, आडनावानं हाक मारत.

"वैद्य, 'ळ' म्हणा."

"ळ."

"जीभ आळसावलीय तुमची."

"सगळाच आळसावलोय, बाई."

संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा खालून गेला की अख्खी चाळ घोषणा देई. बाई कठड्यावरून वाकून ओरडत, "घशातून नको रे, पोटातून! उद्या सगळे माझ्याकडेच याल!"

परीक्षेला आपला रोगी न्यायचा होता. त्यांचा रोगी लालबागचा तुकाराम, गिरणीतला विणकर. अर्धांगाच्या झटक्याने त्याची वाचा गेलेली. त्याला टॅक्सीतून उतरवायला माणूस हवा, म्हणून माझी रजा बाईंनीच ठरवून टाकली. तुकारामची बायको पारू वाटभर एकच विचारत होती, "बाई, ह्येंका बोलूक येतला मां?"

परीक्षकांनी नाव विचारत पेला दाखवला. तुकाराम गप्प. कंगवा दाखवला, किल्ली दाखवली. गप्पच. परीक्षकांनी कंटाळून चष्मा काढला. तेवढ्यात तुकारामने दाराशी उभ्या पारूकडे मान वळवली आणि एकेक अक्षर ओढत म्हणाला, "पारू... च्या... घेतलंस?"

"घेतलंय," पारू म्हणाली. सकाळपासून तिच्या पोटात पाणीही नव्हतं.

बाई नापास झाल्या. दोघांना लालबागला सोडून परतताना मी वैतागलो. "पेला, किल्ली शिकवायची होती ना! वर्ष फुकट गेलं."

"'किल्ली' असं म्हणून तो कुणाशी बोलणार होता?"

चाळ जवळ आली तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या बाबांनाही झटका आला होता. एकच शब्द उरला होता, 'नको'. मी जवळ बसले की 'नको'. मग मी उठून जायचे. या वर्गात आल्यावर कळलं, मनात काहीही असलं तरी अशा माणसाच्या तोंडून तोच एक शब्द निघतो."

"म्हणजे?"

"म्हणजे ते मला 'बस' म्हणत असतील, वैद्य."

मला घरी जाऊन आडवं व्हायचं होतं. पण बाई चाळीच्या पहिल्याच पायरीवर बसल्या, तेव्हा मीही बसलो.