सॅक अंतिम टप्प्यात आहे

भूगोलाच्या निवृत्त मास्तरांना एक सॅक घ्यायची होती. विमानात डोक्यावरच्या कप्प्यात मावेल आणि डोंगराच्या पायवाटेवर पाठीला जाचणार नाही, अशी एकच. मागणी माफक होती आणि हाती दोन महिने होते. त्यामुळे हे काम होणार नाही, अशी शंका कुणालाच आली नाही.

निमित्त थोरल्या बहिणीचं. डोंगरात उंचावर एक तळं आहे. मास्तरांनी ते छत्तीस वर्षं फळ्यावर निळ्या खडूने काढलं, पाहिलं मात्र कधीच नव्हतं.

"बाळ्या," ताई फोनवर म्हणाली, "हंगाम संपला की माझ्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, त्यानंतर डोंगर विसरा. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. तीन तास विमान, चार दिवस चाल. तिकिटं मी काढलीत. तू फक्त पाठीवर एक सॅक टाकून ये."

'फक्त' हा शब्द ताईने अज्ञानातून वापरला होता, हे मास्तरांना दुकानात कळलं.

"विमानासाठी की डोंगरासाठी, काका?" विक्रेत्याने विचारलं.

"दोन्हींसाठी."

विक्रेत्याने आवाज खाली आणला. "मग तुम्हाला सल्लागारांनाच भेटावं लागेल."

सल्लागार वरच्या मजल्यावर बसत. त्यांनी मास्तरांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि मानेपासून कमरेपर्यंत टेप धरली. "कणा सतरा इंच."

"छत्तीस वर्षं नोकरी केली हो," मास्तर म्हणाले. "इतका शिल्लक असेल असं वाटलं नव्हतं."

सल्लागार हसले नाहीत. त्यांच्या फॉर्मवर तसा रकाना नव्हता. त्यांनी मास्तरांना बत्तीस पानांचं माहितीपत्रक दिलं आणि सांगितलं, की आधी दोन्हीकडचे नियम लेखी आणा, मग बोलू.

मास्तर शिस्तीचा माणूस. ते नमुन्यादाखल एक सॅक घेऊन विमान कंपनीच्या कार्यालयात गेले. तिथे लोखंडी पट्ट्यांची एक चौकट होती. सॅक तिच्यात अलगद उतरली. मास्तरांना भरून आलं. मग त्यांनी सॅकमध्ये दोन सदरे आणि एक स्वेटर घातला. सॅक चौकटीवरच बसून राहिली.

"नियमात रिकामी सॅक बसते," खिडकीमागच्या बाईंनी खुलासा केला. "भरली की ती फुगते. फुगण्याची तरतूद नाही."

"मग सामान कशात न्यायचं?"

"तो प्रश्न सामान विभागाचा. आम्ही माप विभाग."

पायवाटेच्या कार्यालयाचं पत्र आठवड्याने आलं. त्यात म्हटलं होतं, की वाटसरूची सॅक किमान पंचेचाळीस लिटरची व पूर्ण भरलेली असावी. अर्धवट भरलेली सॅक ही अपुऱ्या तयारीचा पुरावा मानून तिच्या मालकास फाटकावरूनच परत पाठवण्यात येईल.

एकूण, सॅक वर आकाशात रिकामी आणि खाली जमिनीवर भरलेली असायला हवी होती. दुसरा कुणी वैतागला असता. मास्तरांनी वही काढली.

त्यांनी परीक्षा घ्यायचं ठरवलं. विषय सहा: माप, वजन, पट्टे, चेन, पाऊस आणि वर्तन. प्रत्येक विषयात पस्तीस गुण आवश्यक. प्रात्यक्षिकासाठी सॅकमध्ये नकाशांचे ठोकळे भरून जिना पाच वेळा चढायचा. महिन्याभरात तेवीस सॅक बसल्या आणि एकही पास झाली नाही. विमानात पहिली आलेली डोंगरात गटांगळ्या खाई, डोंगरातली हुशार मापात नापास होई. ज्या मुलांना नकाशात समुद्रसुद्धा सापडत नसे, त्यांना मास्तरांनी चार-चार गुण पदरचे घालून वरच्या वर्गात ढकललं होतं. सॅकला मात्र अर्धा गुण सोडला नाही.

"घेतलीस का रे?" ताईचा फोन.

"अंतिम टप्प्यात आहे."

"अरे, सॅक शोधतोयस की जावई? मी रोज चार मैल चालायला लागले. गुडघा कुरकुरतो, मी त्याला म्हणते, अजून तीनच आठवडे, मग तुझी सुट्टी."

"चाल, चाल. पण पट्ट्यांचा विचार केलायस का?"

ताईने फोन ठेवला.

याच सुमारास मास्तर फोनवरच्या 'योग्य सॅक मंडळा'त दाखल झाले. सभासद अकरा हजार. अध्यक्षांना सगळे दादा म्हणत. दादांकडे एकोणीस सॅक होत्या आणि त्यांचे फोटो ते रांगेने लावून टाकत. मास्तरांनी भाबडेपणाने विचारलं, "दादा, या घेऊन कुठेकुठे जाऊन आलात?"

लगेच मंडळात सूचना झळकली: विषय सोडून प्रश्न विचारू नयेत. पहिली ताकीद.

दादांनी नंतर खासगीत समजूत घातली. "अहो मास्तर, जायचं तर आहेच. आधी योग्य सॅक तर मिळू दे!"

मास्तरांना हे पटलं. त्यांनी गुणपत्रिका मंडळासमोर ठेवली आणि त्यांचं नशीब पालटलं. लोक दूरदूरहून सल्ला विचारू लागले. मंडळाने त्यांना मुख्य परीक्षक नेमलं. ज्यांनी डोंगर फक्त कॅलेंडरवर पाहिला होता असे तीनशे लोक त्यांच्याकडून पट्ट्यांचं अंतर शिकले. शिकवण्याचं सुख मास्तरांना पुन्हा मिळालं आणि सुखात दिवस भरभर जातात.

विमान सोमवारचं. शनिवारी दादांनी बातमी फोडली: दोन्ही नियमांत बसणारी, विमानात आक्रसणारी आणि डोंगरात पसरणारी सॅक बाजारात येत आहे. मंगळवारी.

"ताई, तू पुढे हो," मास्तर म्हणाले. "मी बुधवारी गाठतो."

"बाळ्या, पायवाट गुरुवारी बंद होते. माहीत आहे ना तुला?"

"अगं, पण चुकीची सॅक घेतली तर चार दिवस पाठ दुखेल."

"माझं काय काय दुखतंय ते मी सांगत बसले नाही," ताई म्हणाली. "बरं. पाठीला जप."

मंगळवारची सॅक बुधवारी आली आणि चेनमध्ये नापास झाली.

गुरुवारी ताईचा फोटो आला. मागे तळं, फळ्यावरच्या खडूहून कितीतरी वेगळं निळं. दगडावर टेकलेली ताई, गुडघ्यांना पट्ट्या, चेहरा उन्हाने रापलेला. शेजारी दुसऱ्या माणसापुरता दगड रिकामा. खाली लिहिलं होतं: 'पोचले. चौकटीत कुणी माप घेतलंच नाही, तिच्यावर एका बाईंनी चहाचा कप ठेवला होता. फाटकावरचा माणूस जेवायला गेला होता. सॅक शेजारणीच्या लेकीची, मागून आणली. तू हवा होतास.'

मास्तरांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. ताईचा चेहरा बाजूला सरकला, तळं पडद्याबाहेर गेलं आणि खांद्यावरचं बक्कल स्पष्ट दिसू लागलं. त्यांनी ते मंडळात टाकलं. तासाभरात सहाशे उत्तरं आली, सगळी बक्कलाबद्दल.

ताईचं ऑपरेशन पुढच्याच महिन्यात झालं, आता ती घरातल्या घरात काठीने चालते.

तुमच्या मनात एक प्रश्न घोळतोय, दिसतंय तुमच्या तोंडावर. विचारा की, लाजता काय? ती सॅक कुठल्या कंपनीची होती? मास्तरांना लिहा. ते सविस्तर उत्तर देतील. त्यांना कुठेही जायचं नाही.